पहिलीपासून इंग्रजी लावून नेमकं काय हाती लागलं?

ॲडमिशनचे दिवस आले की आपल्याकडे तोच वाद परत पेटतो, मराठी मीडियम की इंग्लिश मीडियम की सेमी, आणि सेमी असेल तर कितवीपासून. व्हॉट्सॲप ग्रुपवर तेच, सोसायटीच्या कट्ट्यावर तेच, लग्नात पंगतीला बसलो तरी शेजारचा तेच विचारणार. २०२५ मध्ये हिंदी पहिलीपासून आणायचा जीआर निघाला आणि अडीच महिन्यांत तो गुंडाळावा लागला, तेव्हा सहा वर्षांच्या पोरावर किती भाषा लादायच्या यावर अख्खा महाराष्ट्र बोलला, पण त्या सगळ्या गदारोळात पहिलीपासूनच्या इंग्रजीला फारसा कोणी हात लावला नाही. ते जणू शिवकाळापासून चालत आलंय असंच सगळ्यांनी धरलेलं.

तसं काही नाहीये. २००० साली, विलासराव देशमुखांचं सरकार असताना, शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांनी मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आणलं. त्याआधी ते पाचवीपासून होतं, आणि त्याच्याही मागं गेलं तर जुन्या मुंबई राज्यात आठवीपासून. मोऱ्यांवर तेव्हा बरीच टीका झाली, पण त्या निर्णयामागचा विचार मला आजही चुकीचा वाटत नाही. शहरातल्या ऐपतवाल्याचं पोर केजीपासून इंग्रजी ऐकतंय आणि वाडीवरच्या पोराला एबीसीडी बघायलाच पाचवी उजाडते, मग पुढं कॉलेजात कोण मागं पडणार हे सांगायला ज्योतिषी नको. हेतू समतेचा होता आणि त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझं भांडण आहे ते त्यानंतरची पंचवीस वर्षं आपण जे डोक्यात घेऊन बसलोय त्याच्याशी, की लवकर सुरू केलं म्हणजे झालं, आता पोराला इंग्रजी येणार.

आता कोणीतरी लगेच म्हणेल, आमचे आजोबा आठवीपासून शिकले आणि काय फर्डं इंग्रजी लिहायचे, तर्खडकरांची भाषांतर पाठमाला तोंडपाठ होती त्यांना. असेलही. पण ते आजोबा आठवीपर्यंत पोचले होते हे विसरू नका, त्यांच्या बरोबरची गावातली निम्म्याहून जास्त पोरं चौथीच्या आतच गुरं राखायला गेलेली असायची आणि पोरींचं तर विचारूच नका. पोचलेल्यांची तुलना सगळ्यांशी करून काही सिद्ध होत नसतं. तेव्हा आजोबा बाजूला ठेवू आणि आत्ताचं बघू.

प्रथम संस्थेची 'असर' पाहणी घराघरात जाऊन पोरांना वाचायला लावते. त्यात २०१६ साली ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी साधी सोपी इंग्रजी वाक्यं वाचता येणारी मुलं होती २४.७ टक्के. २०२२ मध्ये २४.५. आठवीत ४५.३ वरून ४६.७. सहा वर्षांत जवळपास जागच्या जागी, मधे कोविड आला हे मान्य, तरी. हे आकडे देशाचे आहेत, एकट्या महाराष्ट्राचे नाहीत, पण बऱ्याच राज्यांत इंग्रजी आता पहिलीपासूनच आहे. आणि २०२३ ला त्यांनी १४ ते १८ वयाची पोरं तपासली तेव्हा ५७.३ टक्क्यांना इंग्रजी वाक्यं वाचता आली, आणि ज्यांना वाचता आली त्यातल्या साधारण चारांतल्या तिघांनाच त्याचा अर्थ सांगता आला. म्हणजे चौथा नुसताच वाचत होता.

लवकर सुरुवात म्हणजे चांगली सुरुवात, हे इतकं उघड वाटतं की तपासून बघायचं कोणाच्या मनातच येत नाही. लहान मुलं भाषा पटापट उचलतात ना, मग? उचलतात, पण कुठं? जिथं ती भाषा दिवसभर कानावर पडते तिथं. दुबईला गेलेलं कोल्हापूरचं पोर वर्षभरात इंग्रजी-हिंदी झाडायला लागतं ते खरंच आहे. शाळेत पस्तीस मिनिटांची तासिका आणि बाहेर पडल्यावर शून्य, तिथं हा हिशोब लागत नाही. स्पेनमध्ये बार्सिलोनाला कार्मेन मुन्योस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच तपासलं, त्यांना आयतीच संधी मिळाली होती कारण तिथला कायदा बदलला आणि काही मुलं आठव्या वर्षी इंग्रजी शिकायला लागली, काही अकराव्या. दोघांनाही तितकेच तास शिकवून झाल्यावर, म्हणजे २०० तासांनंतर, मग ४१६, मग ७२६ तासांनंतर, चाचण्या घेतल्या. बहुतेक चाचण्यांत उशिरा सुरू केलेली मुलं पुढं. त्याच्या कितीतरी आधी इंग्लंडमध्ये प्राथमिक शाळेत आठव्या वर्षापासून फ्रेंच शिकवायचा मोठा प्रयोग झाला होता, त्याचा अहवाल १९७४ साली क्लेअर बर्स्टॉल यांनी दिला, त्यातही लवकरवाल्यांना सोळाव्या वर्षी ऐकून समजण्यापलीकडं फारसा फायदा दिसला नाही. अकरा वर्षांच्या मुलाला एक भाषा नीट लिहिता-वाचता येत असते, त्याला वाक्य म्हणजे काय ते कळतं, तो डोकं लावून शिकतो. सहा वर्षांच्या पोराला अजून मराठीतला 'क्ष' लिहायचा असतो.

मग काय, काढून टाका पहिलीतलं इंग्रजी? थांबा, ते करून बघितलेलं एक राज्य आहे. पश्चिम बंगालमध्ये डाव्यांच्या सरकारनं ऐंशीच्या दशकात सरकारी प्राथमिक शाळांतून इंग्रजी काढलं, सहावीपासून ठेवलं. मातृभाषेतून शिक्षण, तत्त्व एकदम बरोबर. झालं काय, तर भद्रलोकांनी, म्हणजे तिथल्या शिकल्या-सवरलेल्या सुखवस्तू मंडळींनी, पोरं खासगी शाळेत घातली, शिकवण्या लावल्या, आणि ज्याच्याकडं पैसे नव्हते तो तिथंच राहिला. शेवटी १९९९ च्या सुमारास इंग्रजी परत खाली आणायला सुरुवात केली आणि २००४ ला ते पहिलीपर्यंत आलं. त्या धोरणात सापडलेल्या पिढीच्या पगाराचा अभ्यास पुढं अर्थशास्त्रज्ञांनी केला आणि त्यांना चांगलाच फटका बसलेला दिसला. आता हे बार्सिलोनाच्या उलट आहे का? मला नाही वाटत. बार्सिलोनात तास सारखे ठेवले होते, बंगालमध्ये खालचे तास गेले आणि वर कोणी भरून दिलेच नाहीत. वय हा मुद्दा दोन्हीकडं दुय्यम ठरतो, मुद्दा निघतो तो किती तास आणि कसले तास हा.

पगाराचाच विषय निघालाय तर अजून एक. इंग्रजी अस्खलित येणाऱ्या पुरुषांची भारतातली तासाची कमाई, बाकी शिक्षण वगैरे सारखं धरूनसुद्धा, इंग्रजी न येणाऱ्यांपेक्षा सुमारे ३४ टक्क्यांनी जास्त आणि थोडंफार येणाऱ्यांची सुमारे १३ टक्क्यांनी, असं २००५ च्या एका मोठ्या देशव्यापी पाहणीवरून निघालं होतं. त्याच पाहणीत अस्खलित बोलणारे सगळे मिळून चार टक्क्यांच्या आसपास. म्हणजे आईबाप वेडे नाहीयेत, इंग्रजीला बाजारात भाव आहे हे त्यांना कुठल्याही प्रोफेसरच्या आधी कळलंय. पण तो भाव नीट येणाऱ्या इंग्रजीला आहे, कामचलाऊला त्याच्या निम्मासुद्धा नाही, आणि आपली अख्खी व्यवस्था जे तयार करते ते कामचलाऊसुद्धा नसतं.

मी तालुक्याच्या गावी मराठी मीडियमच्या नववी-दहावीच्या मुलांची शिकवणी घेते, तेव्हा हे कसं तयार होतं ते रोजच बघते. दहावीला कवितेचं अप्रिसिएशन येतं. टायटल, पोएट, ऱ्हाइम स्कीम, फिगर ऑफ स्पीच, सेंट्रल आयडिया, असे ठरलेले मुद्दे. मुलं काय करतात, तर एक साचा पाठ करतात, कविता कुठलीही असो, 'द लँग्वेज ऑफ द पोएम इज सिंपल अँड ल्युसिड' हे वाक्य येणारच. एका हुशार मुलीला मी विचारलं, ल्युसिड म्हणजे काय गं? ती म्हणाली, मॅडम, ते लिहायचं असतं. आणि तिचं काही चुकत नव्हतं, लिहिलं की मार्क मिळतात. लेखी ऐंशीचं, तोंडी वगैरे अंतर्गत वीस, आणि त्या विसाचं काय होतं ते प्रत्येक शाळेला माहितीये, सतरा-अठराच्या खाली कोणाला देतच नाहीत कारण निकाल खाली येतो. म्हणजे दहा वर्षं भाषा शिकून मुलगी दोन मिनिटं बोलू शकते का हे कोणीही, कधीही, खरोखर तपासलेलं नसतं. परीक्षा जे विचारत नाही ते वर्गात शिकवलं जात नाही, हे सांगायला संशोधनाची गरज नव्हती, पण तेही झालंय, ढीगभर.

गंमत म्हणजे इंग्रजी शिकवायचं कसं यावरचं जगातलं एक महत्त्वाचं काम आपल्या शेजारच्या राज्यातच झालं. १९७९ ते ८४ या काळात बंगळुरूच्या रिजनल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिशमधून एन. एस. प्रभू यांनी कर्नाटक-तमिळनाडूतल्या साध्यासुध्या शाळांत एक प्रयोग केला. तोवर सगळीकडं स्ट्रक्चर शिकवायची पद्धत होती, आज 'धिस इज', उद्या 'दोज आर', घोटून घ्यायचं. प्रभूंचं म्हणणं असं की मुलाचं लक्ष अर्थावर असेल, काहीतरी सोडवायच्या नादात असेल, तेव्हा व्याकरण आपोआप आत झिरपतं. म्हणून त्यांनी वर्गात रेल्वेचं टाइमटेबल आणलं, नकाशे आणले. आपल्याकडं करायचं तर असं होईल, बाईंनी फळ्यावर एसटीच्या चार गाड्या लिहिल्या, पंढरपूरहून किती वाजता सुटते, पुण्याला किती वाजता पोचते, आणि मग इंग्रजीतून विचारलं, मामाचं लग्न साडेबाराला आहे, कुठली गाडी पकडायची? का? आणि ती गाडी पाऊण तास लेट झाली तर? पहिले काही प्रश्न बाई सगळ्या वर्गाशी मिळून सोडवतात, मग तसंच दुसरं मुलांनी एकट्यानं सोडवायचं. हल्ली ट्रेनिंगमध्ये ग्रुपवर्क ग्रुपवर्क करतात ना, प्रभू त्याच्याही मागं लागले नव्हते, त्यांना वाटायचं की कच्चं इंग्रजी असलेली मुलं आपसात बोलून एकमेकांचं कच्चंच पक्कं करतील. साठ पोरांच्या वर्गात, बाकं हलवायला जागा नसताना, हे जमण्यासारखं होतं. बाहेरच्या लोकांनी येऊन मूल्यमापन केलं तेव्हा प्रभूंच्या वर्गांतली आणि जुन्या पद्धतीच्या वर्गांतली मुलं आपापल्या पद्धतीच्या चाचणीत सरस निघाली, पण ज्या चाचण्या कोणाच्याच बाजूच्या नव्हत्या त्यात एकंदरीत प्रभूंचे वर्ग पुढं होते. आज जगभर टास्क बेस्ड टीचिंग म्हणून जे शिकवतात त्याच्या पहिल्या पानांवर हा प्रयोग असतो. आपल्या बीएडला बहुतेक पाच मार्कांच्या टीपेत येत असेल.

आणि प्रयोग वगैरे सोडा, आपल्या घरातच पुरावा आहे. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यातल्या लहान पोरांना हिंदी कोणी शिकवलं? डोरेमॉननं. पाच वर्षांचं पोर शाळेत जायच्या आधी 'मम्मी, मुझे छोड़ दो' करत घरभर फिरतं, आजीला काही कळत नाही आणि सगळे हसतात. ना पुस्तक, ना गृहपाठ, फक्त रोज तासभर कळेल असं, आवडेल असं काहीतरी कानावर पडलं. इंग्रजीचं हे भाग्य नाही, कारण आपण सगळं डब करून बघतो. स्वीडन-नेदरलँड्ससारखे देश परदेशी कार्यक्रम सबटायटल लावून मूळ आवाजात दाखवतात आणि तिथल्या पोरांचं इंग्रजी डबिंगवाल्या स्पेन-इटलीपेक्षा बरं असतं, याचं श्रेय काही प्रमाणात टीव्हीला दिलं जातं. मी काही म्हणत नाही की उद्यापासून डोरेमॉन इंग्रजीत लावा, पोरं मोर्चा काढतील.

पण पुस्तकांचं तसं नाही. फिजीमध्ये, जिथं निम्म्या मुलांच्या घरी फिजियन आणि निम्म्यांच्या घरी गिरमिटियांच्या, म्हणजे करारावर मजुरीला नेलेल्या भारतीयांच्या, वंशजांची हिंदी, तिथल्या खेड्यातल्या शाळांत १९८० च्या सुमाराला वॉरविक एली आणि फ्रान्सिस मांगुभाई यांनी चौथी-पाचवीच्या वर्गांत गोष्टींची अडीचशे इंग्रजी पुस्तकं टाकली. भरपूर चित्रं, मजेशीर गोष्टी. काही वर्गांत मुलं नुसती वाचायची, काहींत शिक्षक मोठं पुस्तक धरून सगळ्यांबरोबर वाचायचे, बोलायचे. बाकीचे वर्ग नेहमीच्या पद्धतीनं चालू. वर्ष संपेपर्यंत पुस्तकवाले वर्ग वाचनात आणि ऐकून समजण्यात दुप्पट वेगानं पुढं गेलेले, आणि दुसऱ्या वर्षी त्याचा परिणाम लिहिण्यावर आणि व्याकरणावरसुद्धा दिसला, जे कोणी शिकवलंच नव्हतं. ही काही श्रीमंत देशाची गोष्ट नाही. आपल्याकडं आता स्टोरीवीव्हरसारख्या वेबसाइटवर शेकड्यांनी गोष्टी मराठी-इंग्रजी दोन्हीत फुकट आहेत, छापून घेतल्या तरी स्मार्ट बोर्डाच्या मानानं किरकोळ खर्च. पण स्मार्ट बोर्डाचं उद्घाटन करता येतं, फोटो येतो. पुस्तकाच्या पेटीचा काय फोटो काढणार, आणि ती पेटीसुद्धा मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलपात, फाटली तर ऑडिटला उत्तर कोण देणार म्हणून.

अजून एक जुनं खूळ आहे ते म्हणजे इंग्रजीच्या तासाला मराठी बोलायचं नाही. हे कुठून आलं बघायला गेलं तर १९६१ साली युगांडात मकेरेरेला इंग्रजी शिकवण्याबद्दल एक परिषद भरली होती, तिथं जे सूर लागले त्यात हा होता, शिवाय लवकर सुरू करा, जास्तीत जास्त शिकवा, शिक्षक शक्यतो इंग्रजच असावा, आणि दुसऱ्या भाषा मधे आल्या की दर्जा घसरतो, हेही. रॉबर्ट फिलिप्सन यांनी पुढं १९९२ मध्ये ही पाचही गृहीतकं कशी फसवी आहेत ते मांडलं. पण आपल्याकडं आजही शाळा पालकसभेत सांगतात, घरी इंग्रजीत बोला. मग ती बिचारी आई, जिचं स्वतःचं सगळं मराठीत झालंय, ती 'बाळा, मिल्क फिनिश कर, मग डॉगी बघायला जाऊ' सुरू करते. पोराला चांगलं मराठी मिळालं असतं, गोष्टी, म्हणी, आजीची बडबड, ते गेलं, आणि इंग्रजी म्हणून मिळालं ते हे. उलट सेमीच्या वर्गात सर फळ्यावर फोटोसिंथेसिस लिहितात आणि 'हे बघा रे, पान आपला स्वयंपाक कसा करतं' असं मराठीत समजावतात, त्याची त्यांना लाज वाटते, साहेब तपासणीला आले की गप्प होतात. हल्लीचे संशोधक तर म्हणतात की दोन्ही भाषा जाणून-बुजून वापरा, एका भाषेत समजलेलं दुसरीत नेता येतं. सरांनी लाजायचं कारण नाही, फक्त शेवटी पोरांकडून दोन-चार वाक्यं इंग्रजीत यायला हवीत, आणि बऱ्याचदा नेमकं तेवढंच राहून जातं.

आता मुळाशी येऊ. हे सगळं करणार कोण? जिल्हा परिषदेच्या शाळेतला शिक्षक, जो स्वतः पाचवीपासून इंग्रजी शिकला, ज्यानं डीएड मराठीत केलं, ज्याला इंग्रजी वाचता येतं पण तोंड उघडायची भीती वाटते. २००० साली आपण त्याच्या हातात पुस्तक दिलं आणि म्हणालो, शिकव. ट्रेनिंग झालं, म्हणजे सीडी ऐकवली, चहा-बिस्किटं, सही. २०१६ नंतर राज्यानं टाटा ट्रस्ट्स आणि ब्रिटिश कौन्सिल यांच्याबरोबर 'तेजस' म्हणून उपक्रम केला, त्यात आसपासच्या शाळांतले शिक्षक ठरावीक दिवशी एकत्र बसून इंग्रजीत बोलायचे, आपला वर्ग कसा गेला त्यावर चर्चा करायचे. ही कल्पना मला फार बरोबर वाटते, कारण शिक्षकाला व्याख्यान नको असतं, त्याला न हसता ऐकून घेणारे चार लोक हवे असतात. पण असं काही वर्षानुवर्षं टिकवायचं तर त्याला वेळ लागतो, आणि द्विशिक्षकी शाळेतला गुरुजी तीन वर्ग एकदम सांभाळून, वर पोषण आहाराच्या नोंदी, बीएलओची म्हणजे मतदारयादीची कामं आणि दर आठवड्याला नवी ऑनलाइन माहिती भरतो, त्याच्याकडं वेळच नसतो.

म्हणून मला विचाराल तर पहिली-दुसरीला इंग्रजी म्हणजे गाणी, गोष्टी, खेळ, एवढंच असावं, लिहिणं नको, परीक्षा तर अजिबात नको. मराठी वाचन पक्कं होऊ दे. खरा जोर पाचवी ते आठवी, रोज सलग तास-दीड तास, वर्गात उघड्या फळीवर गोष्टींची पुस्तकं, आणि ज्याला स्वतःला बोलायची सवय लागलीये असा शिक्षक. दहावीच्या त्या वीस मार्कांसाठी शेजारच्या शाळेतला परीक्षक यावा आणि त्यानं अनोळखी विषयावर पाच मिनिटं बोलायला लावावं. पहिली दोन वर्षं निकाल आपटेल, आपटू दे.

कुठलाही मंत्री हे उघड बोलणार नाही हे मला माहितीये, कारण दुसऱ्या दिवशी हेडिंग येईल, 'गरिबांचं इंग्रजी काढलं'. आणि बंगालमध्ये जे झालं ते बघता ते हेडिंग अगदीच खोटंही म्हणता येणार नाही, जोवर वरचे तास खरंच वाढत नाहीत तोवर. तेव्हा क्रम उलटा धरायला हवा, आधी पाचवीच्या वरचं नीट करून दाखवायचं, पुस्तकं, शिक्षक, तोंडी परीक्षा, सगळं, आणि त्याचे निकाल दोन-तीन जिल्ह्यांत दिसले की मगच पहिलीच्या पुस्तकाला हात लावायचा.